विहिरीची वही आजच सुरू करा

कारखान्याशेजारच्या गावात विहिरीचं पाणी बिघडलं की पहिला प्रश्न गावालाच विचारला जातो: आधी ते चांगलं होतं याला पुरावा काय? सगळ्या गावानं ते पाणी वर्षानुवर्षं प्यायलेलं असतं, पण कागदावर एक ओळही नसते. मग कंपनी म्हणते, पाणी मुळातच क्षारपड होतं. कार्यालय म्हणतं, पाहणी करू. आणि गाव हातात पिवळ्या पाण्याची बाटली घेऊन दारोदार फिरतं. एमआयडीसीच्या, डिस्टिलरीच्या, रंग-रसायनांच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे. पाणी अजून चांगलं आहे, तोवरच त्याची नोंद ठेवायला लागा.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. 1988 साली तिथे रंगधंद्यात लागणारं एच-ॲसिड बनवायला सुरुवात झाली. विहिरींचं पाणी काळवंडलं, लोक खवळले, जमावबंदी लागली आणि जानेवारी 1989 मध्ये मुख्य कारखाना बंद झाला. म्हणजे उत्पादन वर्षभरच चाललं. पण तेवढ्यात सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर पडला होता. दर पावसाळ्यात तो धुपून जमिनीत मुरत राहिला. सर्वोच्च न्यायालयानं आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेला पाहणीला पाठवलं, तेव्हा सुमारे 350 हेक्टर जमीन बाधित निघाली. फेब्रुवारी 1996 मध्ये निकाल लागला: ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरायची. पैसे मात्र भरले गेले नाहीत. 2011 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की 37 कोटी 38.5 लाख रुपये आणि त्यावर 1997 पासूनचं 12 टक्के चक्रवाढ व्याज भरा. वर्षभराच्या उत्पादनासाठी गावानं बावीस वर्षं कोर्टाकडे डोळे लावले, आणि तेही निकाल गावाच्या बाजूनं असताना! जमिनीखालचं पाणी नासल्यावर न्याय मिळाला तरी पाणी परत मिळेलच असं नाही, म्हणून आधीच जागं व्हायचं.

आपल्याकडे तर सावधगिरी जास्तच हवी. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. मुरमातून, मांजऱ्या खडकातून, भेगाभेगांतून ते वाट काढतं. त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली राहते आणि दोन शेतं पलीकडच्या बोअरला वास येतो, असं सर्रास घडतं. ‘जवळच्या विहिरीला काही झालं नाही, मग तुमच्याच बोअरला कसं झालं?’ या प्रश्नानं गडबडून जाऊ नका. भेग कुठून कुठे गेली आहे ते वरून दिसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. आपल्या जवळची निरीक्षण विहीर कोणती आणि तिच्या पाण्याचे जुने अहवाल काय सांगतात, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.

आता वहीबद्दल. साधी शंभर पानी वही पुरते. गावातल्या पाच-सहा विहिरी आणि बोअर निवडा, पण त्यातली एक तरी कारखान्याच्या वरच्या अंगाची हवी. खालची बिघडली आणि वरची तशीच राहिली, तर ती तुलनाच सगळ्यात मोठी साक्ष ठरते, आणि नेमकी हीच विहीर गावं विसरतात. दर महिन्याला एक तारीख ठरवून पाण्याची पातळी, रंग, वास, चव बदलली का, आणि टीडीएस मीटरचा आकडा लिहा. हा मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो विष ओळखत नाही, फक्त विरघळलेले क्षार मोजतो. पण दोन वर्षं एका आकड्याच्या आसपास असलेली विहीर अचानक दुपटीवर गेली, तर काहीतरी झालंय हे तो नक्की सांगतो.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, प्रयोगशाळेची तपासणी करून घ्या. जलजीवन मिशनच्या तपासणी संचावर गावातल्या बायका पाणी तपासतात, ते काम मोलाचं आहे. पण त्या संचात नायट्रेट, क्लोराइड, फ्लोराइड, लोह कळतं, क्रोमियम किंवा शिसं कळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी. काय तपासायचं हे कारखान्याच्या संमतीपत्रावरून ठरवा. प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ हे पत्र देतं. काय बनवायचं, किती सांडपाणी निघणार, ते कुठे जाणार, सगळं त्यात असतं. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ते मागता येतं. प्लेटिंगचा कारखाना असेल तर क्रोमियम आणि निकेल, डिस्टिलरी असेल तर रंग, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि पोटॅशियम. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर नेहमीच्या चाचण्या होतात आणि अहवालावर ‘पिण्यायोग्य’ असा शेरा पडतो.

नमुना घेताना घाई करू नका. बोअर असेल तर मोटर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात उभं राहिलेलं पाणी निघून जाऊ द्या. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. धातूंसाठीच्या बाटलीत त्यांनी आधीच आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही. द्रावकांच्या तपासणीसाठी काचेची बाटली काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी आणि शेजारचे दोन शेतकरी यांच्या समोर बाटली सील करून पंचनाम्यासारखा कागद करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एवढं केलं की तुमच्या विहिरीचा अहवाल सहजासहजी कोणी बाजूला सारू शकत नाही. कारखान्याच्या नाल्यातल्या सांडपाण्याचं मात्र वेगळं आहे. 1974 च्या जल कायद्याखाली खटला भरायचा तर तो नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला लागतो. म्हणून लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि अधिकारी येतील तेव्हा हजर राहा.

वहीतली तारीख इतकी महत्त्वाची का, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायचं झालं की दिवस मोजले जातात. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. पहिल्यांदा वास कधी आला, हे आठवणीवर सोडू नका.

पाणी बिघडल्याची शंका आली तर ते उकळून पिऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात. क्रोमियम, शिसं, क्षार तिथेच राहतात आणि पाणी आटल्यानं उलट दाट होतात. तुरटीनं गढूळपणा बसतो, विष बसत नाही. कंपनीनं टँकर पाठवला तर घ्या, लेकराबाळांची तहान महत्त्वाची. पण ‘आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. टँकर किती दिवस आला, हेसुद्धा वहीत लिहा.

गावातले वापरात नसलेले बोअर मोजून त्यांना पक्कं झाकण घाला. उघडा बोअर म्हणजे घाणीला थेट तळापर्यंत नेणारी वाट. देशात काही ठिकाणी कारखान्यांनी सांडपाणी बोअरमध्येच सोडल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. पावसाच्या रात्री ओढ्यालगत टँकर उभा दिसला तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपा, फोटो काढा. अडवायला एकट्यानं जाऊ नका.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र प्रयोगशाळेत नाही, घरात आहे. पोरगं कंपनीत लागलंय, जावयाचा ठेका आहे, सरपंचांची जेसीबी तिथेच चालते, म्हणून लोक गप्प बसतात. त्यांना दोष देऊ नये. पगारावर घर चालतं. पण नियमानं सांडपाणी शुद्ध करणारा कारखाना बंद पाडा असं कोणी म्हणत नाही, आणि कामगारांच्या घरीही त्याच विहिरीचं पाणी भरलं जातं. तक्रार एकट्याच्या नावानं न जाता ग्रामसभेच्या ठरावानं गेली, तर कोणा एकाच्या नोकरीवर गदा येत नाही. वहीसुद्धा ग्रामसभेची असू द्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत.

मोठ्या नव्या कारखान्यासाठी किंवा विस्तारासाठी जनसुनावणी होणार असेल तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते, मराठी पेपरातही. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश पाहायला मिळतो. तिथे भाषण ठोकण्यापेक्षा वही घेऊन उभे राहा आणि आपल्या विहिरींचे आजचे आकडे इतिवृत्तात नोंदवायला सांगा. इतिवृत्त सर्वांसमोर वाचून दाखवायचं असतं. आपले आकडे त्यात आले नसतील तर तिथेच थांबवून लिहून घ्या.