बुद्धांच्या नावाचा ट्रॅक आणि त्याचा जमाखर्च

३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वन मोटारींची भारतातली पहिली शर्यत झाली. ज्या ट्रॅकवर ती झाली त्याचे नाव ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’, आणि जिल्ह्याचे नाव गौतम बुद्ध नगर. विजेत्या सेबास्टियन व्हेटेलला करंडक दिला तो त्या वेळच्या उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री बहन मायावती यांनी. साऱ्या जगाच्या टीव्हीवर तथागतांचे नाव झळकले, म्हणून आपल्या वस्त्यांतूनही अनेकांना आनंद झाला होता. तो आनंद स्वाभाविक होता.

परंतु वाचकहो, कमानीवर नाव कोणाचे आहे हे वाचून झाल्यावर आतला हिशेबही वाचावा लागतो. ऐकले म्हणून मानू नका, नाव मोठे म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचेच ते नाव आहे. म्हणून आज आपण या शर्यतीच्या धंद्याची वही उघडून पाहू.

धंदा चालतो कसा?

आपल्याला वाटते की शर्यत भरविणारा तिकिटे विकतो, जाहिराती घेतो आणि पैसे कमावतो. फॉर्म्युला वनमध्ये तसे नाही. शर्यतीचे व्यापारी हक्क एका कंपनीकडे आहेत. अनेक वर्षे हा कारभार बर्नी एक्लेस्टन या इंग्रज गृहस्थाच्या हाती होता. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लिबर्टी मीडिया कंपनीने तो सुमारे ८०० कोटी डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतला.

या कंपनीची मिळकत मुख्यतः तीन वाटांनी येते. टीव्हीवर दाखविण्याचे हक्क, जाहिरातदार कंपन्या आणि शर्यत भरविणाऱ्याकडून घेतली जाणारी फी. होय, शर्यत भरविणाराच उलट फी भरतो! बहुतेक ठिकाणी ट्रॅकच्या कडेच्या जाहिराती आणि श्रीमंत पाहुण्यांच्या खास कक्षाचे पैसेही त्याच्याकडे राहत नाहीत. त्याच्या पदरी राहतात ती मुख्यतः तिकिटे. २०२४ साली फॉर्म्युला वनची एकूण मिळकत सुमारे ३४० कोटी डॉलर होती आणि त्यातले सुमारे १२६ कोटी डॉलर शर्यतीत उतरणाऱ्या संघांना वाटले गेले. म्हणजे धंदा तोट्याचा मुळीच नाही. तोटा कोणाच्या वाट्याला येतो, एवढाच प्रश्न आहे.

भारताची बाकी

आता आपल्या ट्रॅककडे येऊ. तो जेपी उद्योगसमूहाने बांधला. लांबी पाच किलोमीटरहून थोडी अधिक, आराखडा जर्मनीच्या हर्मन टिल्के यांचा. खर्च सुमारे दोन हजार कोटी रुपये झाल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. याशिवाय एका शर्यतीसाठी हक्कदार कंपनीला ४ कोटी डॉलर द्यावयाचे, असा करार होता.

हा करार कागदावर डॉलरमध्ये होता, तिकिटे मात्र रुपयांत विकायची होती. २०११ च्या ऑक्टोबरात डॉलर सुमारे ४९ रुपयांना होता, म्हणजे ४ कोटी डॉलरचे जवळजवळ १९५ कोटी रुपये झाले. पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी सुमारे ९५ हजार प्रेक्षक आल्याचे सांगितले गेले. नुसती फी भरून काढायची तर प्रत्येक माणसामागे वीस हजार रुपयांवर वसूल व्हायला हवे होते. स्वस्तातले तिकीट होते अडीच हजारांचे. त्यात विजेचे बिल, सुरक्षा, कामगारांचा पगार, कर्जावरचे व्याज काहीच धरलेले नाही. २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत डॉलर साठ रुपयांच्या वर गेला. तेवढ्याच डॉलरना आता २४० कोटींहून अधिक रुपये पडू लागले, आणि प्रेक्षक तर पहिल्या वर्षापेक्षा घटले होते. आपल्या घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईलाही हा हिशेब एका नजरेत कळेल.

तीन शर्यती झाल्या. २०११, २०१२ आणि २०१३. तिन्ही व्हेटेलने जिंकल्या. करार पाच वर्षांचा होता, परंतु चौथी शर्यत झालीच नाही.

खेळ की करमणूक?

या सर्वात कराचा एक वाद फार बोधप्रद आहे. राज्य सरकारने शर्यतीला करमणूक करातून सूट दिली होती. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि तिकीटविक्रीच्या २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश २०११ मध्ये झाला. केंद्राच्या क्रीडा खात्यानेही हा खेळापेक्षा व्यापारी करमणुकीचा प्रकार अधिक आहे, अशी भूमिका घेतली होती. पुढे हक्कदार परदेशी कंपनीने भारतातल्या मिळकतीवर प्राप्तिकर द्यायचा की नाही, हा वाद उभा राहिला. कंपनीचे म्हणणे, आमचे भारतात कायमचे ठाणे नाही. २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शर्यत तीन दिवसांची असली तरी त्या काळात ट्रॅकचा ताबा खऱ्या अर्थाने कंपनीकडेच असतो, म्हणून मिळकत भारतात करपात्र आहे.

साधी गोष्ट आहे. आपण किराणा दुकानातून साबणाची वडी घेतली तरी कर भरतो. कामगाराच्या पगारातून कर आधी कापला जातो आणि मग पगार हाती येतो. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्याला मात्र सूट मागता येते. ती मिळू नये म्हणून कोणीतरी न्यायालयात जावे लागते.

जमीन कोणाची होती?

ज्या पट्ट्यात हा ट्रॅक उभा राहिला तिथे पूर्वी शेती होती. यमुना एक्स्प्रेसवे आणि त्याभोवतीच्या नगरांसाठी घेतलेल्या जमिनीच्या भरपाईवरून शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. मे २०११ मध्ये याच जिल्ह्यात भट्टा-पारसौल येथे चकमक होऊन दोन शेतकरी आणि दोन पोलीस मृत्युमुखी पडले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यात शर्यत रंगली.

यात आपल्या लोकांनी एक मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. भरपाईचा धनादेश ज्याचे नाव कागदावर असते त्याला मिळतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला. परंतु त्याच शेतावर निंदणी-कापणी करणाऱ्या भूमिहीन मजुराची रोजी त्याच दिवशी बंद होते आणि त्याचे नाव कुठेच नसते. १८९४ च्या जुन्या कायद्यात त्याला जागा नव्हती. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर आधीची तीन वर्षे मजुरी करून जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही ‘बाधित कुटुंब’ मानले आहे. तुमच्या गावाजवळ रस्ता, विमानतळ वा कारखाना येत असेल तर हे कलम माहीत असू द्या. मजुरीचा पुरावा, रोजगार हमीचे जॉबकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला जपून ठेवा.

आज त्या ट्रॅकची स्थिती काय? थकबाकीवरून यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने २०२० च्या फेब्रुवारीत जेपी समूहाला दिलेल्या एक हजार हेक्टर जमिनीचे वाटप रद्द केले. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याच समूहाची घरबांधणी कंपनी २०१७ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, तेव्हा वीस हजारांहून अधिक घर-खरेदीदार हप्ते भरूनही घराविना अडकले होते. मूळ कंपनीवर २०२४ साली तीच वेळ आली. सप्टेंबर २०२३ मध्ये या ट्रॅकवर मोटारसायकलींची जागतिक शर्यत मोटोजीपी झाली, मोठा गाजावाजा झाला, पुढची काही वर्षे ती होत राहणार असे सांगितले गेले. २०२४ ची शर्यत झाली नाही, २०२५ मध्येही नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नव्हे. दक्षिण कोरियाने २०१० ते २०१३ अशा चार शर्यती भरवून हात टेकले. मलेशियाने १९९९ पासून चालविलेली शर्यत खर्च परवडत नाही म्हणून २०१७ नंतर सोडली. मर्सिडीज ज्या देशात जन्मली त्या जर्मनीतही २०२० नंतर फॉर्म्युला वनची शर्यत झालेली नाही. मग नवीन शर्यती गेल्या कुठे? अबू धाबी, अझरबैजान, सौदी अरेबिया, कतार अशा तेल आणि वायूच्या पैशावरील देशांत. तिथे तिकिटातून फी निघाली नाही तरी सरकारी तिजोरी ती भरते.

मालक पळतो, कामगार राहतो

संघांच्या धंद्याचीही एक बाजू आपल्याला परिचित आहे. विजय मल्ल्या यांनी ‘फोर्स इंडिया’ हा संघ २००८ च्या हंगामापासून उतरविला. कारखाना इंग्लंडमध्ये, नाव भारताचे. २०१२ च्या ऑक्टोबरात त्यांची किंगफिशर विमान कंपनी बंद पडली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. त्याच महिन्यात नोएडाच्या ट्रॅकवर त्यांच्या मोटारी धावत होत्या. फोर्स इंडियाही जुलै २०१८ मध्ये कर्जामुळे प्रशासकाच्या हाती गेला. नवीन खरेदीदार मिळाला म्हणून तिथल्या चारशेंवर कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या. तोच संघ आज ‘अॅस्टन मार्टिन’ या नावाने धावतो.

अशी पडझड वारंवार होऊ नये म्हणून २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा घातली गेली. आरंभी ती १४.५ कोटी डॉलर होती. शर्यतवीरांचे पगार तीत धरत नाहीत. या मर्यादेमुळे संघ सावरले आणि २०२६ पासून कॅडिलॅक हा अकरावा संघ आला.

पुढे काय?

या खेळाचे भवितव्य इंजिनाच्या प्रश्नाशी बांधलेले आहे. २०२६ च्या नव्या नियमांनुसार फॉर्म्युला वनच्या मोटारीची जवळपास निम्मी ताकद विजेची आहे आणि इंधन खनिज तेलापासून काढलेले नाही. पूर्णपणे विजेवर चालणारी ‘फॉर्म्युला ई’ ही शर्यत २०१४ साली सुरू झाली. तीत आपल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ पहिल्या हंगामापासून आहे. ही शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी झाली. तिथेही दुसरे वर्ष उजाडले नाही. राज्यात सरकार बदलले आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली.

यातून आपल्या घराशी येणारा संबंध असा. शर्यतीत जे तंत्र तपासले जाते ते पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत येते. चाकणचे कारखाने आणि आपल्या नाक्यावरचे गॅरेज, दोन्ही ठिकाणी बॅटरी, मोटर, वायरिंग आणि संगणक यांचे काम वाढत जाणार. जो मुलगा आज फक्त कार्ब्युरेटर साफ करतो त्याने उद्याचे शिकून घेतले नाही तर त्याच्या हातचे काम जाईल.

शर्यतवीर होण्याचे स्वप्न मात्र महाग आहे. मूल आठ-दहा वर्षांचे असतानाच लहान कार्ट गाड्यांपासून सुरुवात करावी लागते आणि दरवर्षी लाखो, पुढे कोट्यवधी रुपये लागतात. लुईस हॅमिल्टन या कृष्णवर्णीय खेळाडूने सात वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्यामागे वडिलांनी एका वेळी दोन-तीन कामे करून भरलेला खर्च होता, आणि तेराव्या वर्षी मॅक्लारेन कंपनीने दिलेला हात होता. हॅमिल्टनचे मोठेपण मला यापुढे दिसते. आपण एकटे वर आलो यावर तो समाधानी राहिला नाही. आपल्यासारखे इतर का नाहीत, हे शोधण्यासाठी त्याने अभ्यासगट नेमला. २०२१ च्या अहवालात दिसले की ब्रिटनमधल्या या उद्योगात कृष्णवर्णीय माणसे एक टक्काही नाहीत. कारणे शाळेपासून सुरू होत होती. गणित-विज्ञान शिकविणारे आपल्यातले शिक्षक नाहीत, आणि मुलांना हा रस्ता आहे हेच कोणी सांगितलेले नाही. त्याने स्वतःचे दोन कोटी पौंड अशा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढले. आपल्याकडे हा अभ्यास कोणी केलेला नाही, पण कारणे वाचताना आपल्याच शाळा आठवतात.

एका शर्यतवीरामागे शेकडो तंत्रज्ञ असतात. चारही चाके दोन सेकंदांच्या आसपास बदलणारे हात तंत्रज्ञांचेच. शिक्षणाच्या वाटेने जाता येईल अशी दारेही आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः गाडी बांधून ‘फॉर्म्युला भारत’, ‘बाहा’ अशा स्पर्धांत उतरतात. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी विजेची गाडी घेऊन इंग्लंडपर्यंत गेले आहेत. तुमचा मुलगा वा मुलगी डिप्लोमा अथवा डिग्रीला असेल तर पहिल्याच वर्षी चौकशी करा की कॉलेजमध्ये असा गट आहे काय. शुल्क सवलत आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. गटात घेत नसतील तर पुन्हा जा. मुलींनी तर अवश्य जावे. वायरिंग आणि संगणकाच्या कामाला दंडाची ताकद लागत नाही.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत तेरा वर्षांचा एक मुलगा दगावला. तिथे हेल्मेट होते, जाड पोशाख होता, रुग्णवाहिका होती. आपली मुले हमरस्त्यावर साध्या चपला घालून, तिघेतिघे बसून, मोबाईलवर चित्रण करीत गाडी पळवितात. तिथे यातले काहीच नसते. गाडीचे हप्ते आईबाप भरतात आणि दवाखान्याचे बिलही तेच. मुलाला वेगाची आवड असेल तर ती दाबू नका, पण त्याच्या हाती आधी पाना द्या, इंजिन उघडायला शिकवा. किल्ली त्यानंतर द्या, आणि तीही परवाना व हेल्मेट पाहूनच.