बंदर आधी संगणकावर तुंबवा!

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६,२०० कोटी, हजार-हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, वीसफुटी मापाने वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरांची क्षमता! या आकड्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : खानदेशातून निघालेला केळीचा रीफर (शीत) कंटेनर या बंदराच्या फाटकावर किती तास उभा राहणार? वर्षाचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या पुढाऱ्यांची तासांचा हिशेब विचारताच दातखीळ का बसते?

वर्षाला इतके कंटेनर, म्हणजे दिवसाला इतके, म्हणजे इतक्या क्रेन पुरेत, हे त्यांचे गणित. जहाजे सरासरीने येत नाहीत, हे यांना कोणी सांगायचे? दोन दिवस धक्का मोकळा आणि तिसऱ्या दिवशी चार जहाजे एकदम. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ सालीच या रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. गाड्या बेभरवशाने येत असतील आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर निम्मा वेळ गुंतलेल्या वजनकाट्यावर सरासरी एका गाडीच्या मापाला लागणाऱ्या वेळाइतके थांबावे लागते. काटा ८० टक्के गुंतला की चौपट, ९० टक्क्यांवर नऊपट! म्हणजे ‘पूर्ण क्षमतेने चालणारे बंदर’ ही फुशारकी नव्हे, तुंबल्याची कबुली आहे. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या ट्रॉलीवर रात्र काढलेल्या पाचोऱ्याच्या शेतकऱ्याला यासाठी एरलांग वाचावा लागत नाही.

यावर इलाज आहे. त्याला सिम्युलेशन म्हणतात. बंदर आधी संगणकात उभे करायचे. जहाज, क्रेन, ट्रेलर, फाटक यांना आपापल्या खोळंब्यांसह हलू द्यायचे. थप्पीत तळाचा कंटेनर काढायला वरचे तीन हलवावे लागतात, तेही त्यात धरायचे. काही मिनिटांत वर्ष सरते. मग वेगळा पाऊस, वेगळी गर्दी घालून तेच वर्ष शंभरदा चालवायचे. मोठी बंदरे हे कित्येक दशके करत आली आहेत. आमच्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तर १९१६ पासूनची. लाट कुठे आपटेल, गाळ कुठे साचेल, हे ती प्रतिकृतीवर आधी पाहते. समुद्राच्या पाण्याला जो मान, तो शेतकऱ्याच्या मालाला का नाही?

असा अभ्यास झाला असेल तर तो बासनात कशाला? आणि त्याची सुरुवात बंदराच्या फाटकापाशी झाली असेल, तर तो आमच्या लेखी अर्धाच. केळीचा प्रवास बागेत सुरू होतो. कटाई, धुलाई, खोक्यात भरणे. मग सुमारे २० टन माल १३-१४ अंशांवर ठेवून कसारा घाट उतरायचा. यार्डात पोचल्यावर त्या कंटेनरला जागा नुसती मिळून भागत नाही, विजेचा प्लग लागतो. मृगबाग नि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांची निर्यातीची कटाई एकमेकींत शिरली आणि त्याच आठवड्यात आखाताकडचे जहाज लांबले, तर प्लग किती कमी पडतील? माल आतल्या आत पिकू लागतो, खरेदीदार भाव पाडतो आणि भुर्दंड बागायतदाराच्या माथी! पाचोरा-जामनेर रेल्वे ब्रॉडगेज होऊन बोदवडला जाणार म्हणतात. तिच्यावरून बंदराचा माल निघेल, हे कोणाच्या गणितात तरी आहे का? वाढवणच्या मच्छीमारांच्या होड्यांचे मार्ग? की प्रतिकृतीतला समुद्र निर्मनुष्य आहे?

सगळे सुरळीत चालेल असे गृहीत धरून केलेले सिम्युलेशन म्हणजे लाखमोलाची करमणूक. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या संगणकी हल्ल्यात न्हावा शेवा इथले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले होते. तो दिवस त्यात घाला. घाट दोन दिवस बंद, जहाज तीन दिवस उशिरा, यंत्रणा बंद, या तिन्ही संकटांत केळीचा कंटेनर किती तास अडकतो ते मोजा.

जळगाव-धुळ्याच्या खासदार-आमदारांनी हा अभ्यास, त्यातल्या गृहीतकांसकट आणि मराठीतून, सरकारकडून मागून घ्यावा. पाचोऱ्याच्या बाजार समितीच्या आवारात तो जाहीर वाचला जावा आणि केळीवाल्याने, कापूसवाल्याने उलटतपासणी केल्याखेरीज पुढच्या टर्मिनलच्या निविदेवर सही होऊ नये.