ताजिकिस्तान : ओळख सरकारी, श्रद्धा लोकांची

सोव्हिएत महासंघाच्या विघटनानंतर १९९१मध्ये स्वतंत्र झालेल्या ताजिकिस्तानात ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर आजही सरकारच ठरविते. राजधानी दुशान्बेत एकेकाळी लेनिनचा पुतळा असलेल्या जागी १९९९मध्ये मध्ययुगीन समानी राजा इस्माईल सोमोनी यांचा पुतळा उभा राहिला. अध्यक्ष इमोमाली रहमोनोव्ह यांनी २००७मध्ये आडनावातील रशियन प्रत्यय गाळून ‘रहमोन’ हे रूप स्वीकारले. धर्माला वेसण घालण्याची सोव्हिएत रीत मात्र कायम राहिली.

पाच वर्षांच्या यादवी युद्धानंतर १९९७च्या शांतता कराराने विरोधकांना सत्तेत ३० टक्के वाटा देऊ केला. त्यांतील प्रमुख इस्लामिक पुनरुज्जीवन पक्षावर २०१५मध्ये बंदी आली. तत्पूर्वी, २०११मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मशिदीतील नमाजास मज्जाव झाला होता. २०२४मध्ये ‘राष्ट्रीय संस्कृतीला परक्या’ पोशाखावर कायद्यानेच बंदी आली. तिचा रोख हिजाबवर होता.

अतिरेकाला आळा घालणे, हा सरकारचा युक्तिवाद. शेजारचा अफगाणिस्तान पाहता ही भीती अनाठायी नाही. तथापि, मुस्लिमबहुल देशात श्रद्धेचे सनदशीर मार्ग बुजविल्याने श्रद्धा संपत नाही. ती नजरेआड जाते. यादवीचे चटके सोसलेल्या देशाला हे परवडणारे नाही.