चाचणी पुढे ढकलली, बरं झालं

गेल्या शनिवारी माझा भाचा घरी आला तो चिडूनच. एका ऑनलाइन गेमची बीटा चाचणी त्या रात्री सुरू होणार होती आणि तांत्रिक अडचणींमुळे ती पुढे ढकलल्याचा मेसेज संध्याकाळी आला. "मामू, मित्र जमवले, डेटा पॅक मारला आणि आता सांगतात!" मी गेम खेळत नाही. पण चाचण्या घेणं हे माझं रोजचंच काम, म्हणून राहवलं नाही.

गेम बाजारात येण्याआधी बाहेरच्या लोकांच्या हाती देऊन त्यातले दोष शोधायचे, ही बीटा चाचणी. इथे परीक्षा खेळाडूची नसते, गेमची असते. भाचा म्हणाला, "दोष शोधायलाच बोलावलं होतं ना? मग दोष सापडले म्हणून थांबवलं कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. पण लॉगिनच होत नसेल तर पुढचं काय तपासणार? मुलांना चुका शोधायला प्रश्नपत्रिका द्यायची, तर निदान ती वाचता तरी यायला हवी.

मग त्यानेच मला 'फायनल फँटसी १४'ची गोष्ट सांगितली. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा हा ऑनलाइन गेम. 2010च्या ऑगस्टअखेर त्याची खुली बीटा चाचणी ठरली होती. गंभीर दोष सापडले म्हणून ती पुढे ढकलली, पण अगदी थोडक्यासाठी. गेम बाजारात आणायची तारीख मात्र हलली नाही. 30 सप्टेंबरला तो पीसीवर आला आणि खेळाडूंनी डोक्याला हात लावला. मेनू संथ, तेच ते डोंगर नि गुहा पुन्हा पुन्हा. डिसेंबरमध्ये कंपनीने माफी मागितली, प्रमुख बदलला, मासिक फी घेणं लांबवलं. प्लेस्टेशन ३ची आवृत्तीही बेमुदत लांबली. नवे प्रमुख नाओकी योशिदा यांनी जुना गेम चालू ठेवून दुसरीकडे नवा बांधायला घेतला. 11 नोव्हेंबर 2012ला जुने सर्व्हर बंद झाले. कथेत चंद्रच त्या जगावर कोसळवला! (हे मला फार आवडलं.) नवा गेम ऑगस्ट 2013मध्ये आला आणि तो आजही चालतो. सुरुवातीला जो वेळ दिला नाही, तो पुढे जवळपास तीन वर्षांनी वसूल झाला.

म्हणून चाचणी पुढे गेल्याचा राग मला पटत नाही. राग यायचाच तर चाचणी पुढे जाते आणि विक्रीची तारीख जागची हलत नाही, याचा यावा.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय, पण माझाही हिशेब आहे. 2020च्या टाळेबंदीत मी सातवीची मराठीची ऑनलाइन चाचणी ठेवली. आदल्या रात्री दोन मुलांनी कळवलं, "सर, फॉर्म खुल नहीं रहा." तारीख पालकांना कळवून झाली होती. मुख्याध्यापकांना काय सांगायचं, या विचाराने मी ती रेटली. एक मुलगी वडिलांच्या फोनवर पेपर सोडवत होती. सगळं लिहून झाल्यावर तिने पाठवायचं बटण दाबलं आणि पान कोरं झालं. तेवढ्यात वडिलांना फोन घेऊन कामावर जायचं होतं. माझ्या यादीत तिच्या नावापुढे शून्य. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, मेरे जवाब किधर गए?" मी तोंडी परीक्षा घेऊन गुण दिले. पण त्यानंतर ऑनलाइन वर्गात तिने स्वतःहून उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. दोन दिवस थांबलो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं?

भाच्याला म्हटलं, कंपनीला लिही, पण शिव्या नकोत. नेमकं काय बिघडलं, आणि गेम विक्रीला आणायची तारीखही पुढे जाणार का, एवढंच विचार. त्याने रात्रीच लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. डेटा पॅक मात्र मंगळवारी संपतोय.