नानावटींचे मधले तीन तास

नानावटी खटल्याचा विषय निघाला की आजही बहुतेक जण एकच सांगतात, ‘त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.’ मला हे बोलणं मनापासून खटकतं.

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाकडूनच कळलं, की प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी तिचे संबंध आहेत. मग त्यांनी काय केलं? तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. स्वतः जहाजावर गेले. रात्री गाडीने एकट्याला अहमदनगरला जायचंय, असं सांगून तिथून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. तिथून आहुजाच्या ऑफिसात. तो तिथे नाही म्हटल्यावर नेपियन सी रोडजवळच्या त्याच्या फ्लॅटवर. दीडच्या सुमारास घर सोडलेल्या माणसाने गोळ्या झाडल्या, तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

राग अनावर झाला होता म्हणणाऱ्यांनी या अहमदनगरपाशी जरा थांबावं. भान हरपलेला माणूस शस्त्र मिळवायला इतकी बेतशीर थाप मारत नाही.

आणि तो टॉवेल. बचावाचं म्हणणं, झटापटीत गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. बंद खोलीत दोन पुरुष रिव्हॉल्व्हरसाठी झोंबतात, तीन गोळ्या लागतात, माणूस कोसळतो आणि टॉवेल सुटत नाही, सैलही होत नाही. मला तरी हे पटत नाही.

तरीही नऊपैकी आठ ज्यूरींनी ‘निर्दोष’ म्हटलं. सरकारी पक्ष एरवी हेतू दाखवतो तो आरोपीला अडकवायला. इथे हेतू सगळ्यांना कळला, पटला आणि त्यानेच आरोपीला सोडवलं. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, २५ पैशांचा अंक दोन रुपयांना खपला. रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ विकायला आले. एका माणसाचा जीव गेला होता हो!

‘सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का?’ या प्रश्नाला आहुजाने दिलेलं उर्मट उत्तर लोकांना पाठ आहे. ते कोर्टात सांगितलं आरोपीने. ते खोडून काढणारा जिवंत नव्हता. आहुजा लंपट असेलही, त्याची तरफदारी मला करायची नाही. पण लंपटपणाला आपल्या कायद्यात फाशी नाही, आणि फाशी देण्याचा अधिकार नवऱ्याला तर नाहीच नाही.

सत्र न्यायाधीश मेहतांना ज्यूरीचा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्या. सुब्बाराव यांच्या निकालात हे मधले तीन तास आहेत : स्वतःला सावरायला तेवढा वेळ पुरेसा होता.

१९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याआधी आहुजाची बहीण मॅमी हिने लेखी संमती दिली होती. त्या माफीबद्दल माझी तक्रार नाही. जिचा भाऊ गेला तिनेच सही केल्यावर इतरांनी काय बोलावं? पण तिने माफ केला तो खून. खून झालाच नाही, असं ती म्हणाली नव्हती. ते म्हणाले आठ ज्यूरी, आणि आजही आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात.