चौदा जानेवारीची दाटी

१४ जानेवारीला सौंसरजवळच्या बोरगावात घरोघर संक्रांतीचा तिळगूळ वाटला जातो, हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. याच तारखेला १७६१ साली पानिपत घडले आणि १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. महाराष्ट्रातल्या शाळांत भूगोल दिनही याच दिवशी. एवढ्या दाटीत मूळ सण हरवतो, असा आक्षेप असतो. पण संक्रांत सूर्याच्या गतीने ठरते, तारखेने नव्हे. २०२४ मध्ये ती १५ला आली, नामविस्तार दिन १४लाच राहिला. कुणी कुणाची जागा बळकावत नाही. उलट, हळदीकुंकवाने विधवांना दूर ठेवले, हे लक्षात घेतले तर नामविस्तारासारख्या समतेच्या लढ्याची आठवण शेजारी असणे सणाच्याच हिताचे आहे. गोड बोलायची सुरुवात आजवर न बोलावलेल्यांपासून व्हावी.