पिकअप ठीक आहे, पण मिस्त्री कुठंय?

पहिली नोकरी लागली की बीड जिल्ह्यातल्या पोरापोरींना दोन सल्ले फुकट मिळतात. घरचे म्हणतात, ॲव्हरेज बघ. मित्र म्हणतात, पिकअप बघ. आणि ज्याला रोज अपडाऊन करायचंय तो रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो सरकवत बसतो. पुणे पासिंगची लाल पोलो जीटी टीएसआय, किंमत पाच लाखांच्या आत, 'सिंगल हँड, अर्जंट सेल'. हात शिवशिवतातच.

मी घरच्यांच्या बाजूने बोलणार नाही, आधीच सांगते. बीडहून केजला रोज जाऊन-येऊन शंभर-एकशे दहा किलोमीटर होतात. म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास तुम्ही त्या गाडीत असणार. अहिल्यानगरची रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला बीडला आली, आनंद आहे, पण ती केजला जात नाही, अंबाजोगाईलाही नाही. एसटीचं टायमिंग आणि शाळेचं, बँकेचं, पंचायत समितीचं टायमिंग जमेलच असं नाही. मग जी गाडी चालवायला कंटाळा येतो, ती का घ्यायची? मजा येणारी गाडी मागणं हा काही माज नाही. फक्त 'मजा' कशाला म्हणायचं, यावर माझं मित्रांशीही भांडण आहे.

मित्रांचं गणित शून्य ते शंभर किती सेकंदांत, एवढंच. पण आपल्या रस्त्यावर शून्यातून शंभर कुणी, कधी, कुठे करतं? बीडमधून निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो, तिथे मजा असते ती वळणावर गाडी अंगाबाहेर न जाण्याची. पुढे मांजरसुंब्याच्या चौकातून केजकडे वळलं की सोलापूर-धुळे हायवेचं चौपदरी सुख संपतं. आता समोर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, समोरून ट्रक. इथे लागतं ते चाळीसवरून ऐंशीवर झटकन जाणं, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडीने धाप न टाकता. कागदावरच्या कमाल पॉवरपेक्षा टॉर्क किती आणि तो किती कमी आरपीएमला मिळतो, हा खरा आकडा. छोटी टर्बो इंजिनं म्हणूनच आवडतात.

आणि ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर तिथेच थांबू. कारखान्यांचा सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात संध्याकाळी सातनंतर तुम्ही परत येत असाल तर ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असं धरू नका, रिफ्लेक्टरही धरू नका. ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबत असतो तो वेगळाच. साधं गणित करा. ताशी ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेला. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर थांबायला अजून साधारण 35 मीटर. एकूण 57. हेच शंभरच्या वेगाला केलं तर 83-85 मीटर होतात. डिपरच्या उजेडात आपल्याला नीट दिसतं जेमतेम पन्नास-साठ मीटर. म्हणजे शंभरवर तुम्ही न दिसणाऱ्या गोष्टीकडे चालला आहात, गाडी कुठलीही असो. म्हणून जुनी 'फास्ट' गाडी घेताना मी इंजिनाआधी ब्रेक, टायर, हेडलाइट आणि एअरबॅग बघायला सांगेन. हसू नका. एबीएस आपल्याकडे नवीन गाड्यांना सक्तीचं झालं 2019 मध्ये. त्याआधीच्या गाड्यांत खालच्या मॉडेलला ते नसायचं, एअरबॅगही नसायच्या. तीच गाडी, तेच नाव, मागे फक्त दोन अक्षरं वेगळी. तेव्हा वर्षाइतकंच व्हेरियंट विचारा.

पोलोचंच बघा. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो धडकवली तेव्हा तिला प्रौढांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले. दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार मिळाले. लोखंड तेच होतं.

आता त्या लाल पोलोकडे वळू, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात तीच आहे. गाडी देखणी, चाकणची पैदाईश, म्हणजे पुणे जिल्ह्याची. 2013 ला आलेल्या जीटी टीएसआयमध्ये 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, 175 न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. चालवायला लोणी. अडचण त्या डीएसजीची. हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स, त्याच्या आत मेकाट्रॉनिक नावाचं इलेक्ट्रॉनिक्स आणि हायड्रॉलिक्सचं एकत्र युनिट. याच घराण्यातल्या गिअरबॉक्सपायी 2013 साली फोक्सवॅगनला चीनमध्ये तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या वर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक गाडीत तो बिघडतोच असं नाही. पण ऐंशी हजार किलोमीटर पळालेली, चार वेळा हात बदललेली, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच भाजलेली गाडी तुम्ही वॉरंटी संपल्यावर घेणार, आणि बिघडली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. स्वस्त का मिळतेय, याचं उत्तर बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये असतं. पोलो घ्यायचीच असेल तर 2020 ते 2022 मधली 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल शोधा. 110 पीएस आहेत आणि डावा पाय रिकामा राहत नाही. महाग मिळेल, पण ती किंमत समजण्यासारखी आहे.

तरीही पोलोबद्दल मला एक शंका आहेच आणि ती मागच्या सीटची. आपल्याकडे अपडाऊन एकटं कुणी करत नाही. तीन-चार शिक्षक, एक बँकेतली ताई, एखादा कृषी सहायक, सगळे मिळून पेट्रोल वाटून घेतात. पोलोत मागे तिघं बसवली तर मधला माणूस आठवड्यात एसटीचा पास काढेल.

पेट्रोलचा हिशोब मात्र घरचे म्हणतात तितका बाजूला टाकण्यासारखा नाही. रोज 110 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस, म्हणजे 2640 किलोमीटर. पेट्रोल गाडीने पंधराचं ॲव्हरेज दिलं आणि भाव 105 धरला तर महिन्याला साडेअठरा हजार. डिझेल गाडीने एकवीसचं दिलं आणि भाव 92 धरला तर साडेअकरा हजारांच्या आसपास. दर महिन्याला सात हजारांचा फरक! पहिल्या नोकरीच्या पगारात सात हजार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय वर्षाला तीस हजार किलोमीटरच्या वर पळणारी गाडी दीड वर्षात टायर मागते. त्यात आता पंपावर ई-20 मिळतं, आपल्याच उसातून निघालेलं इथेनॉल. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या मुळात त्यासाठी बनवलेल्या नाहीत आणि ॲव्हरेज थोडं कमी होतंच, हे त्या हिशोबात धरून चला.

मग काय घ्यायचं? लांबच्या अपडाऊनसाठी माझं मत एका अशा गाडीला आहे जिच्याकडे चौकात कुणी वळूनही बघत नाही. फोर्ड फिगो, 1.5 डिझेल, 2016 ते 2019 मधली, मॅन्युअल. 100 पीएस आणि 215 न्यूटन मीटर, वजन टनाच्या थोडंसंच वर. म्हणजे टॉर्कमध्ये ती त्या लाल जीटीच्या पुढे. कंपनीचा मायलेजचा दावा पंचवीसच्या वर होता, रस्त्यावर वीस-बावीस धरा. स्टीअरिंगला जीव आहे. वरच्या टायटॅनियम प्लस मॉडेलला सहा एअरबॅग होत्या, त्या काळात या किमतीत ही चैनच. शोधायची तर तीच. अडचण एकच, आणि ती छोटी नाही. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट्स चालू ठेवू म्हणाले, पण 'चालू आहे' आणि 'केजमध्ये बुधवारी मिळतं' यात फरक असतो.

म्हणून गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघा. शब्दशः. गाडीचं मॉडेल ठरवा आणि तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या दोन मिस्त्र्यांना जाऊन विचारा, ही गाडी हाताखालून गेलीय का, स्कॅनर आहे का, पार्ट कुठून आणता, किती दिवसांत. जवळचं अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे ते नकाशावर मोजा. आकडा शंभरच्या वर आला तर प्रत्येक सर्व्हिसला एक रजा जाणार आणि क्रेन लागली तर तिचं भाडं वेगळं. मिस्त्री फिगो म्हटल्यावर तोंड वाकडं करत असेल तर माझं मत सोडा आणि टाटा अल्ट्रोज आय-टर्बो बघा. 2021 ला आली, 110 पीएस, 140 न्यूटन मीटर, मॅन्युअल. अल्ट्रोजला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार आहेत, मागे तिघं आरामात बसतात. गिअर टाकायला पोलोइतकं सुख नाही, हे मान्य. पण पेट्रोल पिते, म्हणून रोजचं अंतर पन्नास-साठच्या आत असेल तर उत्तम.

स्विफ्टचं नाव अजून घेतलं नाही म्हणून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. 1.3 डिझेल स्विफ्ट कुठल्याही धाब्याशेजारचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. तेच मूळ फियाटचं इंजिन इतक्या कंपन्यांनी वापरलं की त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं, त्यावर अंगात येतं, मजा आहे. पण 2018 ची नवी स्विफ्टही ग्लोबल एनकॅपमध्ये दोन स्टारवर थांबली. वर लिहिलेला ट्रॉलीचा परिच्छेद डोक्यात ठेवून मला तिची शिफारस करवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या स्विफ्ट चालवणारे यावर चिडतील, चिडू द्या.

अबार्थ पुंटोचं स्वप्न मात्र विसरा. 2015 ची, 145 पीएसची गाडी, रांजणगावात जन्मलेली. पुण्याला जाताना महागणपतीला हात जोडता ना, तेव्हाच तिलाही जोडा.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला सांगा, आधी स्टार्ट करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. निळसर धूर, खडखड, सुरू व्हायला लागलेला वेळ, सगळं कळतं. जुनी परफॉर्मन्स गाडी असेल तर रिमॅप केलीय का, सायलेन्सर बदललाय का, हे विचारा. कुणीतरी तिच्याकडून आधीच दुप्पट काम करून घेतलेलं असू शकतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2018 चे टायर म्हणजे नक्षी कितीही दिसली तरी रबर म्हातारं. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणेनं आपल्याकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, ते बघा, ई-चलनंही तपासा. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन 'नंतर करू ट्रान्सफर' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. नाव बदललं नाही तर चलन त्याच्या नावाने, अपघात तुमच्या हातून आणि विमा कंपनी दोघांच्या विरोधात. दिल्ली पासिंगची दहा वर्षांची डिझेल गाडी अर्ध्या किमतीत दिसेल. तिथे दहा वर्षांनंतर डिझेलवर बंदीची टांगती तलवार असते, म्हणून ती इकडे येते. एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर, हे सगळं धरून स्वस्ताई किती उरते ते आधी मांडा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लावलीय का तेही बघा. त्या पाटीवर 'दादा' लिहिता येत नाही, एवढं दुःख सोसा.

भावात एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुनी विकणारे बरेच जण मात्र त्याच्या आधीचाच भाव सांगतात. नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवून बोलायला बसा, आणि ठरलेल्या बजेटमधले चाळीस-पन्नास हजार गाडीत घालूच नका. ते पहिल्या महिन्यातल्या टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या पॉलिशसाठी. एलईडीचे डोळे दिपवणारे बल्ब त्यात नकोत. समोरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही रस्ता दिसायला हवा.